गिराम सरांचा खटका

गेल्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, ह्याच्यात काहीच सेव्ह होऊन न्हाई राह्यलं. राइट प्रोटेक्टेड म्हणून राह्यलं." मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी खटका बघ. मंग माझ्याकडं ये." मुलगी खाली मान घालून गेली. माझा लाल पेन मात्र वहीवर तसाच थांबला. हे वाक्य कुणाचं आहे ते मला माहीत होतं, आणि ज्या कोरड्या सुरात मी ते म्हणाले तो सूर कुणाचा आहे तेही.

जाफराबादला बी-बियाण्याच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर गिराम सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथं मी चार वर्षं शिकवलं. खालून खताचा उग्र वास यायचा, वर जुन्या कॉम्प्युटरांचे पंखे घरघरायचे. जिना लोखंडी होता. कोण येतंय ते सरांना पावलांच्या आवाजावरूनच कळायचं, आणि येणारा वर पोचेपर्यंत त्यांनी त्याच्यासाठी एक शब्द काढून ठेवलेला असायचा. "उशीर." "चपला." "पुन्हा तू?" त्यापुढं काही नाही. चार शब्दांवर गेलेलं त्यांचं वाक्य मी क्वचितच ऐकलं.

अंगानं काटकुळे, मे महिन्यातही शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, इस्त्री कडक. बोर्डावर नाव फक्त 'पी. एस. गिराम'. पी म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. हजेरी नावानं नाही, नंबरानं, आणि तीही बोट दाखवून. सूचना आली की कागद माझ्यापुढं सरकवायचे, "वाचा." सर्टिफिकिटं वाटायची असली की नावं मी पुकारायची, ते नुसते हातात देणार. मला वाटायचं, माणसाला तोंड उघडायचाच कंटाळा आहे. माझी अम्मी त्यांना एकदाच भेटली होती. घरी आल्यावर म्हणाली, "दिल का काला है वो आदमी. जल्दी दुसरी जगह देख."

शिकवायचे मात्र असे, की शिकलेलं मरेपर्यंत विसरू नये. प्रत्येक नव्या बॅचचा पहिला धडा ठरलेला. पेनड्राइव्ह लिहून घेत नसेल तर काय करायचं? "आधी डोळा. मंग हात. तोंड शेवटी," हे त्यांचं सूत्र. डोळा म्हणजे पेनड्राइव्हच्या कडेला एक बारीक खटका आहे का ते बघणं. काही पेनड्राइव्हना तो असतो, तो कुलपाच्या बाजूला सरकला की झालं, आत काही जात नाही. हात म्हणजे दुसऱ्या खाचेत लावून बघणं, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघणं, आत जागा उरली का, व्हायरस शिरला का ते पाहणं. आणि तोंड, म्हणजे दुसऱ्याला विचारणं, सगळ्यात शेवटी.

धडा ते फळ्यावर शिकवत नसत. बॅचमधलं एक पोर निवडायचे, खटका लावलेला पेनड्राइव्ह त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तुझं नाव सेव्ह कर." बाकीच्यांना तंबी, की कुणी बोलायचं नाही. आणि मग मागं हात बांधून उभे राहायचे.

एका वर्षी ही पाळी वैशालीवर आली. रोज एसटीनं येणारी, बोलायला लाजणारी मुलगी. दुपारभर ती त्या खुर्चीत बसून होती. पेनड्राइव्ह काढायची, पुसायची, लावायची. "धिस डिस्क इज राइट प्रोटेक्टेड." पुन्हा काढायची. पोरं गेली, दुसरी बॅच आली, तीही गेली. तिची एसटी सुटली. ती रडायला लागली तेव्हा सर म्हणाले, "रडून सरकत न्हाई." संध्याकाळी तिचे वडील शोधत आले. टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. "पोरीचं काही चुकलं का, सर?"

सरांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं. "पोरगी हुशार आहे. डोळे न्हाईत."

बाप पोरीला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी वैशालीचं नख त्या खटक्यात अडकलं. तिनं तो सरकवला, नाव सेव्ह केलं आणि सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "बराबर." त्या एका शब्दावर ती पहिल्यापेक्षा जास्त रडली. आज ती एका सरकारी कार्यालयात ऑपरेटर आहे. मला म्हणाली होती, "मॅडम, आमच्या हापिसात काही अडलं की मलाच बोलावतात. सगळं सरांमुळं. पर मी त्या रस्त्यानं अजून जात न्हाई."

सरांचा दुसरा एक नियम होता. विचारलं तेवढंच सांगायचं. रमेश फोटोवाला एकदा धावत जिना चढला. मागोमाग एका नवरीचे वडीलही. लग्नाचे सगळे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये होते आणि त्याच्यातून काही पुसता येईना, काही भरता येईना. रमेशनं मोबाइलवर उपाय बघून ठेवले होते. म्हणाला, "सर, तुमच्या कॉम्प्युटरवर जरा करून बघू का?" सर म्हणाले, "बघ." रमेश तासभर बसला. हे दाब, ते दाब. मोबाइलवरचे सगळे उपाय करून झाले, काही होईना. प्रत्येक वेळी काढायचा, झटकायचा, परत लावायचा. शेवटी एकदा लावला तर दिसायचाच बंद झाला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नाही, तिसऱ्यावर नाही. पेनड्राइव्ह गरम झाला होता, तेवढंच.

मग सर बोलले. "मरून राह्यला होता तो. मरताना लिहिणं बंद करतो. वाचू देतो. आल्या आल्या कॉपी काढायची असती."

नवरीचे वडील भिंतीला टेकले. रमेश ओरडला, "मंग सांगायचं न्हाई का, सर?"

"तू इचारलं न्हाई."

रमेश खाली गेला तेव्हा जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्यानं लाथ घातली. मी सरांना म्हणाले, "सर, एक शब्द बोलायचा होता." ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. एखाद्यानं भलतंच काही मागितल्यावर बघावं तसं.

तांगडे गुरुजी आमच्याकडं आले ते अशा माणसाकडं आले.

गुरुजी पिंपळगाव रेणुकाईचे. प्राथमिक शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. जीपनं यायचे आणि जिना चढतानाच "या गुरुजी" असं स्वतःच म्हणायचे, कारण वरून कुणी म्हणणार नाही हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. त्यांना मराठी टायपिंग शिकायचं होतं. गावातल्या वावरांची नावं त्यांना लिहून काढायची होती. कुठलं वावर कुठल्या नावानं ओळखतात आणि का. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो. नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी. गुरुजी म्हाताऱ्यांपाशी पारावर बसून चिटोऱ्यांवर टिपून आणायचे, इथं येऊन एका बोटानं टाइप करून आपल्या पेनड्राइव्हवर ठेवायचे आणि चिटोरं फाडून टाकायचे. "घरात कागदाचा पसारा आमच्या मंडळीला चालत न्हाई."

घाई होती, त्याला कारण होतं. डोळ्यांत काचबिंदू. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, पण भरवसा धरू नका. "म्हणून म्हणलं, दिसतंय तोवर उरकून घ्यावं," गुरुजी मला म्हणाले. नाक स्क्रीनला लागेल इतके पुढं वाकून बसायचे.

सर त्यांना अदबीनं वागवत. तो एकच माणूस, ज्याला त्यांनी कधी चपलांवरून टोकलं नाही. 'गुरुजी' म्हणत. मला आश्चर्य वाटायचं, बरंही वाटायचं. फक्त एक गोष्ट होती. गुरुजी आले की सर आपल्या केबिनचं दार अर्धं उघडं ठेवत आणि गुरुजी असेपर्यंत सरांचं दुसरं कुठलंच काम होत नसे.

गुरुजी रंगात आले की टाइप करता करता मोठ्यानं सांगायचे. नवरीचं वावर: तिथं वऱ्हाडाच्या गाडीचं चाक मोडलं, मुहूर्त टळू नये म्हणून लग्न तिथंच, नांगरटीत लावलं. भांडणाचा तुकडा: दोन भावांच्या तीन पिढ्या त्या तुकड्यापायी कोर्टात गेल्या, तण मात्र दोघांचं सारखंच वाढलं. पोरं आपलं काम सोडून ऐकायची. एके दिवशी पाळी आली तोतऱ्याच्या वावराची. कुणी एक अडखळत बोलणारा माणूस होता, पाटलाकडं वावर मागायला गेला. पाटील म्हणाला, एका दमात नीट मागून दाखव, वावर तुझं. गुरुजी उठून उभे राहिले. मान झटकत, डोळे ताणून त्यांनी तो माणूस करून दाखवला. "पा-पा-पा-पाटील, वा-वा-वा..." पोरं बाकांवर पडून हसली. मलाही हसू आलं.

तेवढ्यात सगळे कॉम्प्युटर बंद पडले. सरांनी मेन बटण खाली ओढलं होतं. "सुट्टी," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी गुरुजींचा पेनड्राइव्ह लिहून घेईना. सरांनी सगळ्यांना शिकवलेलं सगळं गुरुजींनी केलं. खटका नव्हताच, दुसरी खाच झाली, दुसरा कॉम्प्युटर झाला. फाइल उघडायची, वाचता यायची, पण नवं अक्षर आत जाईना. मग ते घाबरे होऊन केबिनपाशी गेले. सर म्हणाले, "ठेवून जा. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सरांनी गुरुजींना मधल्या कॉम्प्युटरवर बसवलं. काळी खिडकी उघडून दिली, जिच्यात माउस चालत नाही, फक्त टाइप केलेला हुकूम चालतो. "स्वतः करा, गुरुजी. शिकायलाच आलात."

गुरुजींना मौज वाटली. सर एकेक अक्षर सांगत होते, गुरुजी एकेक कळ शोधत होते. डिस्कपार्ट. लिस्ट डिस्क. सिलेक्ट. मग ते लांबलचक, ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली. एंटर. कुलूप निघालं असा संदेश आला. मी पलीकडच्या बाकावरून बघत होते. मला वाटलं, झालं. खरंच झालं होतं. पेनड्राइव्ह दुरुस्त होता.

"अजून एक शब्द," सर म्हणाले. "सी. एल. ई. ए. एन."

"क्लीन," गुरुजींनी वाचलं. "साफ. काय साफ करायचं आता?"

"घाण."

मी उठेपर्यंत गुरुजींचं बोट एंटरवर पडलं होतं.

पेनड्राइव्ह कोरा झाला. सरांनी तो पुन्हा फॉरमॅट करायला लावला आणि त्याच्यावर टायपिंगचे धडे काठोकाठ भरून दिले, म्हणजे खालचं काही परत यायची सोय राहू नये. गुरुजींनी फाइल शोधली. पुन्हा शोधली. मग सरांकडं बघितलं. मी सरांचा चेहरा बघत होते. ते वाट बघत होते, हे स्पष्ट दिसत होतं. ओरडण्याची, रडण्याची, कशाची तरी.

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माझंच काहीतरी अक्षर चुकलं बघा, सर. ह्या डोळ्यांनी काही खरं न्हाई. चला, नव्यानं."

आणि खरंच त्यांनी नवी फाइल उघडली.

सर केबिनमध्ये गेले. मी मागोमाग गेले. मी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "कॉपी आहे. काल काढली." मी सुटकेचा श्वास टाकला. "मग देऊन टाका की, सर." ते म्हणाले, "मागू दे."

"त्यांना माहीतच नाही तर मागतील कसे? मी सांगते."

"सांगा. मंग पुसतो."

म्हणून मी गप्प बसले. रोज सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायचे, ते मान हलवायचे. बाहेर गुरुजी नाक स्क्रीनला लावून पहिल्या वावरापासून पुन्हा लिहीत होते. काही नावं आठवायची, कारणं आठवायची नाहीत. ज्यांनी सांगितली होती त्यातले काही गेले होते. "ह्या वावराला दुधी का म्हणतात बरं?" स्वतःशीच पुटपुटायचे. "सांगितलं होतं की कुणीतरी." मग बोट कळांवर तसंच अधांतरी राहायचं.

असं दोन-तीन आठवडे चाललं. एका शनिवारी दुपारी पोरं गेली होती, गुरुजी आणि मी होतो. सर बाहेर आले आणि गुरुजींच्या पुढ्यात एक पेनड्राइव्ह ठेवला.

"ह्याच्यात आहे."

"काय?"

"तुमचं. आधीचं. सगळं."

गुरुजींचा चेहरा उजळला. "सापडलं? अरे वा! कुठं सापडलं?"

"हरवलंच न्हाई. मी पुसायला लावलं. कॉपी काढून."

गुरुजींना ते समजायला वेळ लागला. "का बरं?"

सरांनी खुर्चीची पाठ धरली. मग मी जे ऐकलं ते त्या चार वर्षांत ऐकलं नव्हतं. "तुम्ही म-म-मला... चौ-चौथीत... वा-वा-वाचायला उ-उ..." मान झटके खात होती. गळ्याशी लावलेल्या बटणाखाली शीर उडत होती.

गुरुजी डोळे बारीक करून बघत राहिले. आणि एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली.

"पं-पं-पंडित! सखारामचा पंडित ना तू? अरे, मी म्हणतोय गिराम कोण, गिराम कोण! मॅडम, काय नग होता हा! ह्याला मी वाचायला उभं करायचो. प-प-पाऊस, प-प-पाणी! सगळा वर्ग लोळायचा हसून. एकदा तर..." हसण्यानं त्यांना पुढं बोलता येईना, "एकदा तर चड्डीतच!"

"रोज," सर म्हणाले.

"हां?"

"बाकीच्यांना एकदा. मला रो-रोज."

"अरे, तुझी जीभ सुटावी म्हणून! सुटली का न्हाई? आज सर झालास. उगं का झालास?"

"शाळा सो-सोडली मी. ढोरं राखली. तीन वर्षं."

गुरुजींचं हसू थोडं ओसरलं. डोळे पुसत म्हणाले, "मला काय ठाऊक रे बाबा? सांगायचंस की तेव्हा."

सर वाकले, पेनड्राइव्ह लावला, फॉरमॅटची चौकट उघडली. 'क्विक'समोरची खूण काढून टाकली. ती खूण काढली की कॉम्प्युटर वरवर पुसत नाही, तळापासून खरवडतो. मग कुठल्याही उपायानं काही परत येत नाही. गुरुजींना हे माहीत नव्हतं, मला होतं. "सर, नको," मी म्हणाले. सरांनी स्टार्ट दाबलं, पुढं आलेल्या प्रश्नाला हो म्हटलं नाही, हात तिथंच ठेवला.

"एकदा म्हणा. चुकलं म्हणा."

गुरुजी ताठ झाले. निवृत्त झालेला माणूस खुर्चीतल्या खुर्चीत पुन्हा हेडमास्तर झाला. "चुकलं कसं म्हणू? मी शिकवून राह्यलो होतो."

सरांनी एंटर दाबलं. हिरवी पट्टी डावीकडून निघाली. मोठा पेनड्राइव्ह होता, वेळ लागणार होता. सर म्हणाले, "अजून म्हणा. बाकीचं ऱ्हाईल," आणि ते खोटं होतं, पहिल्याच झटक्यात फाइल गेली होती. गुरुजी पट्टीकडं बघत होते. मी त्यांच्या खुर्चीजवळ गेले. "गुरुजी, म्हणून टाका ना. काय जातंय?" त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पट्टी अर्ध्यावर आली. खाली दुकानात कुणीतरी कपाशीच्या बियाण्याची घासाघीस करत होतं. पट्टी पुढं सरकत राहिली. शेवटी 'फॉरमॅट कम्प्लीट'ची चौकट आली.

"एवढ्यासाठी?" गुरुजींनी विचारलं. खरंच कळत नसल्यासारखं.

"हो," सर म्हणाले. आता ते अडखळत नव्हते. "एवढ्यासाठी."

मी गुरुजींना जीपपर्यंत सोडायला गेले. जिना उतरताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "मॅडम, मी त्याला कधी हात लावला न्हाई. एक छडी मारली न्हाई. इचारा कुणालाही." ते खोटं बोलत नव्हते.

सोमवारी सरांनी नेहमीसारखी बोट दाखवून हजेरी घेतली. मधल्या कॉम्प्युटरवर दुसरं पोर बसलं. मी महिनाभरात नोकरी सोडली. सोडताना म्हणाले, "सर, जाते." ते म्हणाले, "बराबर." पुढं काही वर्षांनी क्लासही बंद झाला. सगळ्यांच्याच हातात मोबाइल आले, टायपिंग शिकायला जिना कोण चढणार?

मधल्या काळात दोन-तीन रविवारी मी पिंपळगावला गेले. गुरुजींची नजर गेली होती. ते सांगायचे, मी लॅपटॉपवर लिहून घ्यायचे. पण सगळ्याची सरमिसळ झाली होती. एकाच वावराची गोष्ट तीन नावांना चिकटायची, मध्येच एखाद्या म्हाताऱ्याचं नाव घेऊन "त्याला इचारायला पाहिजे" म्हणायचे आणि त्यांची मंडळी आतून सांगायची, की तो गेला. दहा-बारा पानांवर काम थांबलं. तोतऱ्याचं वावर मात्र त्यांच्या पक्कं लक्षात होतं. दर खेपेला सांगायचे. दर खेपेला हसायचे.

मी आता शिकवते ती शाळा गुरुजी जिथं पूर्वी होते तीच. यंदा हिवाळ्यात आमच्या मैदानावर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मंडप, सतरंज्या, फेटे बांधलेले पन्नाशीला टेकलेले बाप्ये, आणि जुन्या शिक्षकांचे सत्कार. पडद्यावर जुने फोटो दाखवायचे होते, त्यासाठी प्रोजेक्टर आणि स्पीकर भाड्यानं सांगितले होते. टेम्पोतून उतरले ते गिराम सर. क्लास गेल्यापासून हाच धंदा धरला होता. केस पिकले होते, बटण गळ्यापर्यंत लावलेलं होतं. मला बघून मान हलवली. मी विचारलं, "सर, तुम्हाला माहीत आहे ना, आज कुणाचा सत्कार आहे?"

"ऑर्डर आहे," ते म्हणाले आणि वायरी अंथरायला लागले.

कार्यक्रमभर ते स्पीकरमागं एका खोक्यावर बसून होते. त्यांच्या बॅचची माणसं स्टेजवर जाऊन गुरुजींच्या पाया पडली, शाल पांघरली, रडली, फोटो काढले. गुरुजींनी माइकवर भाषण केलं. सरांनी मध्येच उठून त्यांचा आवाज थोडा वाढवला, कारण मागपर्यंत नीट पोचत नव्हता. सरांचं नाव कुणी पुकारलं नाही. ते त्याच बॅचचे होते हे कुणाच्या लक्षात असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

दुपारी मंडप रिकामा झाला. जेवणाच्या पंगती शाळेमागं बसल्या होत्या. गुरुजी स्टेजच्या कडेला खुर्चीत शाल-नारळ मांडीवर घेऊन नातेवाइकाची वाट बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले, हात धरून पायऱ्या उतरवायला लागले. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. चार पावलांवर सर स्पीकर उचलत होते.

"मॅडम, तो तुमचा पंडित आलाय म्हणे. कुणीतरी म्हणून राह्यलं होतं. कुठंय?"

मी सरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही.

"नाही, गुरुजी. दिसत नाहीत."

गुरुजी पायरीवर थांबले. तोंड जरा वर करून, मैदानाच्या उजेडाकडं वळून उभे राहिले. "लई भोळं पोरगं," ते म्हणाले. "चेष्टा कळायची न्हाई त्याला."

सरांनी ते ऐकलं. स्पीकर छातीशी धरून ते क्षणभर जागच्या जागी उभे राहिले. मग टेम्पोपाशी गेले, तो मागं चढवला, दोरी आवळली, गाठ मारली. ड्रायव्हर पुढं बसायला बोलवत होता. ते पुढं गेले नाहीत. मागं, घडीच्या खुर्च्यांच्या थप्पीला पाठ लावून बसले. टेम्पो फाटकातून बाहेर पडून जाफराबादच्या रस्त्याला लागला, तेव्हा ते आमच्याकडंच तोंड करून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. वळणापर्यंत ओठ हलत राहिले, एकाच अक्षरावर अडकल्यासारखे.